समुद्र दिसणारा फ्लॅट घेताय? अवश्य घ्या!

रत्नागिरीत समुद्र दिसणारा फ्लॅट घ्यायचं ठरवलंत ना? उत्तम. गॅलरी, चहा, समोर सूर्यास्त. ही सोय इंग्रजांनी १९१० सालीच एका माणसाला करून दिली होती. ब्रह्मदेशाचा थिबा राजा. आधी राज्य काढून घेतलं, मग समुद्र दिसेल असा राजवाडा बांधून दिला. १९१६ मध्ये मरेपर्यंत बिचारा पाणी बघत बसला. पुढे १९२४ ते १९३७ सावरकरांनाही सरकारने याच जिल्ह्यात स्थानबद्ध ठेवलं. म्हणजे सजा देताना सरकारला जी जागा सुचायची, तिथे तुम्ही कर्ज काढून येताय. थिबाला निदान पेन्शन होती.

येताना लोखंडी कपाट जरूर आणा. खाऱ्या हवेला काहीतरी खायला हवंच. ग्रिल, बिजागऱ्या, एसी असं करत ती घरभर फिरते आणि भंगारवाल्याशी तुमचा घरोबा होतो. नव्या गावात माणसं जोडायची तरी कशी?

फ्लॅटच्या जाहिरातीतला फोटो जानेवारीतला असतो, हे मनाला लावून घेऊ नका. जूनमध्ये वारा फिरला की पावसाची झड थेट सोफ्यावर येते. मग सगळे करतात तेच करा, गॅलरीला निळी ताडपत्री ठोका. जास्तीचे पैसे मोजून घेतलेला समुद्र पावसाळाभर नुसता ऐकायचा. लाइट गेलेली असतेच, त्यामुळे ऐकण्यात टीव्हीचा व्यत्यय नाही.

पाण्याची तर चिंताच सोडा. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो! तो जांभ्यातून झिरपून आणि उतारावरून धावत समुद्राला मिळतो, एवढीच काय ती अडचण. मे महिन्यात शीळ धरणात किती पाणी उरलंय हे तोंडपाठ ठेवा. पाणी एक दिवसाआड झालं की जिन्यात शेजारी भेटल्यावर दुसरा विषय नसतो. बादल्या भरून ठेवल्यात की समोरचा अथांग समुद्र बघा. (टँकरवाल्याचा नंबर फ्रिजवर चिकटवून ठेवा. फ्रिज गंजला असेल तर दारावर.)

नळ कोरडे पडले की पाहुणे येतात, दोन दोन आठवड्यांसाठी. ‘तुमची काय बाबा मजा, रोज हापूस आणि ताजे मासे!’ असं म्हणतील, तर म्हणू द्या. मिरकरवाड्याच्या मासळी बंदरावर सुरमईचा भाव विचारून तुम्ही मांदेली घेऊन परतलात, हे सांगू नका. १ जूनपासून दोन महिने मासेमारी बंदच असते, तेव्हा सुकट आहेच. आणि आंबे मात्र त्यांनाच येताना आणायला सांगा. इथले चांगले आंबे नवी मुंबईत वाशीच्या बाजारात जातात, त्यांना वाटेवरच पडेल.