स्टेजवर टाइल बसवा, बाकी आपोआप होतंय

गावातलं जुनं नाट्यगृह परत जिवंत करायचं तुमच्या मनात आलंय असं कळलं. लै भारी. म्हणजे आता ते पूर्ण मेल्याशिवाय काय राहत नाही.

सगळ्यात आधी एक करा, नाटकवाल्यांना अजिबात विचारू नका. लै किरकिरे लोक असतात ते, टेम्पो मागच्या दाराला लागतोय का, सेट आत वळतोय का, लाइट कमी-जास्त करायचा डिमर किती चॅनलचा, मेकअप रूममध्ये आरशाजवळ बल्ब आहेत का, असलं काहीतरी विचारत बसतात आणि त्यांच्या नादाला लागलात की सगळा पैसा न दिसणाऱ्या जागी जातो, न दिसणाऱ्या जागी काय नावाची कोनशिला बसवता येत नाही. तुम्ही समोरून सुरुवात करा. दर्शनी भागाला चकचकीत पॅनल, कलर बदलणारी लाइट, एक कारंजं (घरी नळाला रोज पाणी येत नाही हा विषय इथं काढायचा नाही), आणि 'आय लव्ह सोलापूर'वाला सेल्फी पॉइंट. अर्धं काम झालं बघा.

मग स्टेज. जुनं लाकडी फ्लोअरिंग करकरतंय ना, उपटा सगळं आणि मस्त पांढरी व्हिट्रिफाइड टाइल बसवा, किचनमध्ये असते तसली. लाकूड कशाला पाहिजे तर म्हणे फ्लॅटला (म्हणजे सेटच्या खोट्या भिंतीला) मागून टेकू देऊन खाली खिळा ठोकता येतो आणि नाचणाऱ्याच्या गुडघ्याला दणका कमी बसतो. नाचणारे काय, दोन-चार वर्षं नाचतील आणि लग्न करून पुण्याला जातील, टाइल मात्र इथंच राहणार. खिळा लागत नाही म्हणून फ्लॅटच्या मागं वाळूची पोती ठेवावी लागतात एवढंच. एका हॉलमध्ये आमच्याकडं एक पोतं कमी पडलं, तर बॅकस्टेजचा एक पोरगा अख्खा दुसरा अंक भिंत धरून उभा होता. मध्येच त्याला शिंक आली, भिंत हलली, दाराची कडी वाजली, आणि समोर आईचं काम करणारी बाई न गडबडता म्हणाली, "1993 च्या भूकंपानंतर आज हलली बघा." त्या प्रयोगात टाळी फक्त त्या वाक्याला पडली. लेखकाचं तोंड बघण्यासारखं होतं (लेखक मीच). म्हणजे टाइलचा फायदाच आहे की नाही!

भिंतीवरचं ते जुनाट कापड आणि भोकाभोकाच्या पाट्या पण काढून टाका. आवाज शोषून घेतात म्हणे, शोषून कशाला घ्यायचा, आपल्या पैशाचा आवाज आहे. गुळगुळीत प्लास्टर करा, मग मागच्या रांगेत प्रत्येक वाक्य दोनदा ऐकू येतं, एका तिकिटात दोन प्रयोग. आणि एसी तर पाहिजेच, मे महिन्यात इथं पारा 44 ला टेकतो. फक्त एसी बसवायचा खर्च आपला आणि चालू करायचं भाडं वेगळं, असा नियम करा, म्हणजे हौशी ग्रुपवाले वारा घालायला आपापले पुठ्ठे घेऊन येतात.

आता मुख्य शब्द, 'लोकांसाठी'. आपल्या गावात मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू चारी भाषा चालतात, पूर्व भागात माणूस तेलुगूत भांडतो आणि मराठीत भाव करतो, तेव्हा चारी भाषांत पाटी लावा. पाटीच लावा, तारखा नका देऊ. तारखा लागतात सत्काराला, मेळाव्याला, गॅदरिंगला, साड्यांच्या सेलला. विष्णुदास भाव्यांनी 1843 साली सांगलीत पहिला खेळ केला त्याची आठवण म्हणून 5 नोव्हेंबर हा रंगभूमी दिन, तर त्या दिवशी नाटक सोडून जे असेल ते ठेवा. पण भाषणात जब्बार पटेल आणि अतुल कुलकर्णी ही दोन नावं आलीच पाहिजेत, दोघं या गावात शिकले, इथंच नाटकाला लागले. त्या वयाची पोरं आता तालीम कुठं करतात असलं मात्र कुणाला विचारू नका. गच्चीवर करतात, टाकीच्या बाजूला, खालचे भाडेकरू ओरडेपर्यंत.

उद्घाटनाला नाटक ठेवा हं, शोभतं. वेळ सहाची लिहा, आठपर्यंत हार, दहापर्यंत भाषणं, मग घोषणा होईल की नव्या मोटारीचा पडदा आता रिमोटवर उघडणार. तो गुडघाभर उघडेल आणि अडकेल, नटांचे नुसते पाय दिसतील. मग कुणीतरी पळत जाऊन बाहेरच्या टपरीवरून त्या म्हाताऱ्या काकांना उठवून आणेल ज्यांनी वर्षानुवर्षं हाच पडदा हातानं ओढला आणि ज्यांना आज पास पण दिलेला नाही. चहाचा कप हातात तसाच धरून ते विंगेत येतील, वर बघतील.

"काका, लवकर, दोर कुठाय?"

"दोर तुम्हीच काढून टाकला की बे."