डोक्यातला भुंगा

नाटकातल्या अंतराळयोद्ध्याचं हेल्मेट डोक्यावर चढवलं की माझ्यापुढे दोनच वाटा उरतात: पंखा लावून मुकं व्हायचं, नाहीतर पंखा बंद ठेवून आंधळं. पंखा बंद केला की माझ्याच श्वासाने दोन मिनिटांत समोरची काच धुरकटते आणि विश्व जिंकायला निघालेला योद्धा दाराच्या चौकटीवर आपटतो.

म्हणून आत चाळीस मिलिमीटरचे दोन छोटे पंखे बसवले, ओठांसमोर माइक लावला आणि छातीवर स्पीकर बांधला. पहिल्या चाचणीला पूर्ण ताकदीनिशी गरजलो, "शरण या!" आतल्या खोलीतून बायकोचा आवाज आला, "मिक्सर कोणी लावलाय?"

पहिली चूक उघड होती. पंख्याचा झोत थेट माइकवर येत होता. वारा माइकच्या पडद्यावर आदळला की नुसती घरघर होते. पंख्याचं तोंड कपाळाकडे वळवलं, माइकला स्पंजची टोपी घातली. मग कुणाच्या तरी सल्ल्याने एकाच दिशेचं ऐकणारा माइक आणला. तो वाऱ्याला जास्तच हळवा निघाला. मुकाट्याने जुना परत लावला.

तरी गुणगुण होतीच. हेल्मेटच्या कडेला बोट टेकवलं तर बोट थरथरायला लागलं. पंखे मी स्क्रूने करकचून आवळले होते, वर त्या आवळण्याचा अभिमानही बाळगला होता. त्यामुळे अख्खं हेल्मेट तंबोऱ्याच्या भोपळ्यासारखं घुमत होतं, आणि त्या भोपळ्यात माझं डोकं! स्क्रू काढून पंखे रबरबँडांवर अधांतरी टांगले. दिसायला फारच दरिद्री, पण गुणगुण निम्म्यावर आली.

उरलेली शिट्टी मात्र जाईना. वैतागून पंखेच बाहेर काढले, लांब वायर जोडून शेजारच्या खोलीत ठेवले आणि दार लावून घेतलं. स्पीकर तरीही शिट्टी घालतोय! म्हणजे आवाज हवेतून येतच नव्हता, तो तारेतून येत होता. पंखे आणि स्पीकर एकाच बॅटरीवर जेवत होते आणि पंख्यांचा विजेचा गोंधळ थेट माझ्या आवाजात मिसळत होता. दोघांच्या चुली वेगळ्या केल्या, भांडण मिटलं. एकत्र कुटुंबातही हाच उपाय चालतो म्हणतात.

मग हिशोब मांडला. सात पाती, मिनिटाला पाच हजार फेरे, म्हणजे सेकंदाला पातीचे जवळजवळ 583 फटके. ही पट्टी माणसाच्या आवाजाच्या ऐन मध्यात येते. खालचे सूर कापले तर माझा खर्ज जातो आणि पंखा सुखरूप राहतो. वेग निम्मा केला. वारा निम्माच मिळाला, पण ढोबळ नियमाप्रमाणे आवाज पंधरा डेसिबलने उतरला. एवढा सौदा मला मान्य होता.

गप्प असताना माइक आपोआप बंद करणारं गेटही लावून पाहिलं. मी गप्प, तर पंखाही गप्प. पण मी तोंड उघडलं की तोही माझ्या पाठोपाठ आत शिरायचा, लग्नाच्या पंगतीत न बोलावता येणाऱ्या पाहुण्यासारखा.

सगळ्यात कामाला आली ती फुकटची युक्ती. माइक ओठांपासून निम्म्या अंतरावर आणला. आवाज सहा डेसिबलने वाढला, पंखा होता तिथेच राहिला. फक्त "परग्रहावरून" म्हणताना 'प' बंदुकीसारखा उडायला लागला, म्हणून माइक तोंडाच्या कोपऱ्याला सरकवला.

अखेर प्रयोगाचा दिवस उजाडला. भरलेला हॉल, काच स्वच्छ, पंखा मांजराच्या पावलांनी फिरतोय. मी भाषण ठोकलं, शब्द अन् शब्द शेवटच्या रांगेपर्यंत पोचला. टाळ्या पडल्या. मी रुबाबात वळलो, विंगेत उभ्या बायकोकडे झुकलो आणि अगदी हळू आवाजात म्हणालो, "अगं, नाक खाजतंय. काहीतरी घाल ना आत."

तेही शेवटच्या रांगेपर्यंत पोचलं.

ती शांतपणे रंगमंचावर आली, पर्समधून पेन्सिल काढली आणि विश्वविजेत्याच्या हनुवटीखालच्या फटीतून आत सरकवली. "डावीकडे का उजवीकडे?" तिने विचारलं. माइकने तेही टिपलं.