मालकाचं उत्तर: १४७००के, शंभर डिग्री आणि नागपूरचा मे

नमस्कार भाऊ,

तुमचा एक ताऱ्याचा रिव्ह्यू वाचला. दुकानातल्या पोरांनीही वाचला, आणि नंतर आलेल्या गिऱ्हाइकांनी तो मोबाइलवर काढून माझ्यासमोर धरला. तेव्हा उत्तर इथेच, सगळ्यांना दिसेल असं दिलेलं बरं.

तुमचं म्हणणं थोडक्यात असं. डिसेंबरात नागपूरच्या बर्डीतल्या आमच्या दुकानातून तुम्ही इंटेलचा कोअर आय-सेव्हन १४७००के प्रोसेसर, झेड७९० मदरबोर्ड आणि ३६० एमएमचा, पाणी फिरवून प्रोसेसर थंड करणारा लिक्विड कूलर घेतला, ट्यूनिंगचे, म्हणजे वेग-व्होल्टेज बसवून देण्याचे, वेगळे पैसेही दिले. तरी मे महिन्यात लग्नाचा व्हिडिओ रेंडरला (एडिट करून अंतिम फाइल तयार करायला) लावला की तापमान शंभरला टेकतं आणि मशीन मध्येच रीस्टार्ट होतं. आम्ही प्रोसेसर ‘ओव्हरक्लॉक करायचं सोडून उलटा बांधून ठेवला’ (ओव्हरक्लॉक म्हणजे ठरलेल्यापेक्षा जास्त वेगाने चालवणं), कूलर बोगस, प्रोसेसर आणि कूलरमधली पेस्ट हलकी. आणि शेवटचा टोला: याच दुकानात पूर्वी तुमच्या मोठ्या भावाला प्रोसेसरमधल्या दोन कोअरचे, म्हणजे आत स्वतंत्र काम करणाऱ्या भागांचे, चार करून मिळाले होते, ‘आता यांना काही येत नाही’.

शेवटच्यापासून सुरुवात करतो, कारण तो प्रोसेसर मला चांगला आठवतो. एएमडी कंपनीचा फेनॉम टू एक्स-टू ५५० ब्लॅक एडिशन, २००९ चा माल. त्यात सिलिकॉन, म्हणजे आतली चिप, मुळात चार कोअरचंच होतं. एएमडीने दोन कोअर बंद करून ते दोन कोअरच्या भावात विकलं. काही नगांत ते दोन कोअर खरोखरच सदोष असायचे, काहींत ठणठणीत, नुसते झाकलेले. एसबी७५० चिप असलेल्या बोर्डावर बायोसमध्ये (मदरबोर्डच्या सेटिंगच्या पडद्यात) अॅडव्हान्स्ड क्लॉक कॅलिब्रेशन नावाची सोय चालू केली की झाकलेले कोअर जागे व्हायचे. अर्थात झाले तर. विंडोजपर्यंत पोचतंय का, पोचलं तर प्राइम-९५ या प्रोसेसरवर पूर्ण भार टाकणाऱ्या चाचणीवर टिकतंय का, सगळा नशिबाचा खेळ. शिवाय कोअर उघडले की आतल्या सेन्सरचे आकडे भलतेच यायला लागायचे, म्हणून आम्ही हीटसिंकच्या (प्रोसेसरवरच्या उष्णता ओढणाऱ्या धातूच्या ठोकळ्याच्या) बुडाशी बोट लावून अंदाज घ्यायचो. ८० वॉटचा प्रोसेसर होता, बोट लावायची हिंमत व्हायची. तुमच्या भावाचा नग चांगला निघाला. त्याच काळात कितीतरी लोक दोनाचे दोनच कोअर घेऊन घरी गेले, त्यांनी रिव्ह्यू लिहिले नाहीत एवढंच.

तुमच्या १४७००के मध्येही झाकलेले कोअर आहेत म्हणा. वरच्या आय-नाइनचंच सिलिकॉन आहे, त्यात मोठ्या, वेगवान कोअरसोबतचे छोटे कोअर सोळा असतात, तुम्हाला बारा मिळतात. पण ते चार कारखान्यातच कायमचे बंद केलेले, बायोसमधून उघडायची सोय नाही. ‘के’ म्हणजे फक्त गुणक खुला: शंभर मेगाहर्ट्झचा मूळ क्लॉक (वेग), त्याला किती पटीने गुणायचं ते आपल्या हातात. आणि इथेच काळ बदललाय. तेव्हा कंपनी बरीच जागा शिल्लक ठेवून प्रोसेसर विकायची, ती जागा आम्ही दुकानदार वापरायचो आणि वाहवा मिळवायचो. आता टर्बोच्या, म्हणजे भार आला की आपोआप वेग वाढवण्याच्या, नावाखाली कंपनीच ती जागा वापरून मोकळी होते. तुमचा प्रोसेसर काहीही न करता आठ मोठे कोअर ५.५ गिगाहर्ट्झवर नेतो, एखाददुसरा ५.६ वर, छोटे ४.३ वर. मूळ रेटिंग १२५ वॉट, टर्बोत २५३. जे पिळायचं ते पिळूनच डब्यात भरलेलं असतं.

त्यावर तुम्हाला ५.७ हवा होता, सगळ्या मोठ्या कोअरवर. करता येतो. पण हिशेब बघा. उष्णता वाढते क्लॉकच्या प्रमाणात आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात. ५.५ चा ५.७ केला तर वेग साडेतीन टक्क्यांच्या आसपास वाढतो. त्यासाठी व्होल्टेज समजा १.३० वरून १.४० केलं, तर त्याच्या वर्गामुळे वाढ सोळा टक्के. दोन्ही मिळून उष्णता वीस टक्के जास्त. म्हणजे २५३ वॉटचे ३०४. रेंडरमधली काही सेकंदं वाचवायला पन्नास वॉटची शेगडी वाढवायची, आणि तीही नागपूरच्या उन्हाळ्यात.

आता कूलरकडे येतो. तुमचा ३६० चा कूलर बोगस नाही, त्या वर्गातला चांगला आहे. पण कुठलाही असा कूलर प्रोसेसरला खोलीच्या तापमानापेक्षा थंड करत नाही, तो फक्त ‘खोलीपेक्षा किती वर’ एवढंच ठरवतो. माठातलं पाणी हवेपेक्षा गार होतं, कारण ते बाहेर झिरपून वाफ होतं. लिक्विड कूलरची नळी सीलबंद असते, तिच्यातलं पाणी कितीही फिरवलं तरी खोलीच्या खाली जात नाही. २५३ वॉटला हा कूलर प्रोसेसरला खोलीपेक्षा साधारण ६० डिग्री वर ठेवतो असं धरा. डिसेंबरात तुमची खोली २२ वर होती, म्हणजे ८२. सुंदर. मे महिन्यात बाहेर ४४-४५ आणि खोलीत ३८, म्हणजे ९८. तोच प्रोसेसर, तोच कूलर, तीच पेस्ट. आणि ३०४ वॉटला हिशेब करायचा तर खोलीपेक्षा ७२ वर, म्हणजे ११०. तिथपर्यंत तो जातच नाही. शंभरला प्रोसेसर स्वतःच वेग खाली आणतो, आणि तुमचा ५.७ फक्त बायोसच्या स्क्रीनवर उरतो.

म्हणूनच आम्ही मशीन देताना बायोसमध्ये दोन प्रोफाइल (सेटिंगचे संच) भरून दिले होते आणि काचेच्या विरुद्ध बाजूच्या पत्र्याला आतून छापील कागद चिकटवला होता. हिवाळ्याचा प्रोफाइल: सगळे कोअर ५.५, एक-दोन कोअरवरच भार असेल तर ५.७, मर्यादा २५३ वॉट. उन्हाळ्याचा: व्होल्टेज थोडं उणे, मर्यादा २०० वॉट. वरच्याच हिशेबाने २०० वॉटला खोलीपेक्षा ४७ वर, म्हणजे नवतपातही ८५. याला तुम्ही ‘बांधून ठेवलं’ म्हणताय. तर हो, ठेवलंय, आणि पुन्हा तसंच ठेवीन. गेम खेळताना हा प्रोसेसर सहसा २०० वॉटच्या बराच खाली असतो, तिथे तुम्हाला फरक जाणवणारही नाही. लांब रेंडरमध्ये थोडा वेळ जास्त जाईल. पण लग्नसराईत पहाटे उठून बघितलं तर फाइल पूर्ण झालेली असेल. तुमच्या धंद्यात हे महत्त्वाचं की बेंचमार्कचा स्क्रीनशॉट, हे तुम्हीच ठरवा.

आता रीस्टार्टचं. शंभर डिग्रीला प्रोसेसर मंदावतो, त्याने मशीन रीस्टार्ट होत नाही. त्याचं कारण वेगळं होतं आणि ते तुमच्यासमोरच स्क्रीनवर दिसलं. रिव्ह्यूच्या आधी मशीन दुकानात आणलंत तेव्हा बायोसमध्ये आमचा कुठलाच प्रोफाइल चालू नव्हता. गुणक ५७, व्होल्टेज १.४२ वर पक्कं ठोकलेलं, आणि पॉवर लिमिटच्या दोन्ही रकान्यांत ४०९६ वॉट. म्हणजे मर्यादाच नाही. एक व्हिडिओ बघून केलं असं तुम्ही सांगितलंत. तुमचं मशीन आहे, करायला हरकत नाही. पण तो व्हिडिओवाला एसी खोलीत, उघड्या टेस्ट बेंचवर बसलेला होता. तुमच्या विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये (बिघाडांच्या नोंदवहीत) हार्डवेअर एररच्या नोंदींची रांग लागली होती, सगळ्या त्या बदलानंतरच्या.

दुसरी गोष्ट रेडिएटरची, म्हणजे लिक्विड कूलरमधलं पाणी जिथे थंड होतं त्या भागाची. वरचं झाकण काढलं तेव्हा धुळीची जाळी इतकी भरलेली होती की पंख्यावर कागद धरला तर तो हलेना. आणि एका बाजूच्या पट्ट्यांवर पांढरा थर. तो डेझर्ट कूलरचा. तुम्ही कॅबिनेट कूलरच्या थेट समोर ठेवलं होतं. कूलर लावायला ना नाही, उलट खोली ३८ वरून ३२ वर आली तर प्रोसेसरही तेवढाच खाली येतो, यापेक्षा स्वस्त अपग्रेड नाही. ओल्या हवेचीही भीती नको. चालू मशीनचे भाग हवेपेक्षा गरम असतात, त्यावर दव धरत नाही. भीती आहे पॅडमधून उडणाऱ्या थेंबांची आणि आपल्या बोअरच्या पाण्यातल्या क्षारांची. कूलरची हवा भिंतीकडे वळवा, कॅबिनेट बाजूला घ्या. आणि कॉम्प्युटर टेबलच्या त्या बंद कप्प्यातून बाहेर काढा. तिथे मशीन स्वतःचीच गरम हवा पुन्हा ओढत बसतं, मग वरच्या हिशेबातली ‘खोली’ ३८ नाही, ४५ होते.

पेस्टबद्दल: प्रोसेसरवर बसणारा लिक्विड कूलरचा ब्लॉक उचलून तुम्हाला दाखवला होता. पूर्ण चौकोनावर सारखा, पातळ थर, कडांना किंचित बाहेर आलेला. पेस्ट चांगली की वाईट यात फरक पडतो तो दोन-चार डिग्रीचा. कमी दर्जाची लावून वाचवण्याइतका पैसा त्यात नाही हो.

ज्यांच्याकडे तेराव्या-चौदाव्या पिढीचे ‘के’ प्रोसेसर आहेत त्या सगळ्यांसाठी एक सांगून ठेवतो. २०२४ मध्ये इंटेलनेच मान्य केलं की या प्रोसेसरना गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज जात होतं आणि त्याने ते हळूहळू अस्थिर होत होते. ऑगस्टमध्ये ०एक्स१२९ आणि सप्टेंबरमध्ये ०एक्स१२बी हे मायक्रोकोड (बायोसमधून प्रोसेसरला मिळणाऱ्या दुरुस्त्या) आले, आणि डबाबंद प्रोसेसरची वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. तुमच्या बोर्डावर आम्ही डिसेंबरातच नवा बायोस घालून दिला होता. पण व्होल्टेज हाताने १.४२ वर ठोकलं की त्या दुरुस्तीचा हेतूच बाजूला पडतो. झालेली झीज कुठलाही बायोस भरून काढत नाही. आणि मर्यादेबाहेर चालवल्याने प्रोसेसर गेला तर कंपनी वॉरंटी नाकारू शकते, हेही लक्षात असू द्या.

पैशाचं सरळ बोलतो. ट्यूनिंगचे पैसे परत करणार नाही. ते काम झालंय, तपासून दिलंय, कागदासकट तुमच्या मशीनमध्ये आहे. रेडिएटर साफ करून दिला त्याचे काही घेतले नव्हते, घेणारही नाही. प्रोसेसरबद्दल शंका असेल तर आणून द्या, उन्हाळ्याच्या प्रोफाइलवर रात्रभर रेंडर लावून बघतो. तरीही एरर आली तर वॉरंटीचा अर्ज मी स्वतः भरतो आणि तोपर्यंत काम अडू नये म्हणून दुकानातला प्रोसेसर घालून देतो.

५.७ चा हट्ट असेलच तर नोव्हेंबरात या, बसून करू, पण व्होल्टेज मी म्हणेन तेवढंच. येताना नुसतं कॅबिनेट आणा, मॉनिटर-कीबोर्ड इथे आहेत. रविवारी दुकान दुपारी दोनपर्यंतच उघडं असतं.