कधी गेले?

पोर्टफोलिओ ही वस्तू लोकलमध्ये मावत नाही. हे वाक्य मी रागात लिहितोय, पण मोजूनही लिहितोय. फुल इंपीरियल कागद २२ बाय ३० इंचांचा. त्याला दोन्ही बाजूंनी पुठ्ठा, वरून काळं रेक्झिन, कडेने चेन आणि एक हँडल लागलं की जे काही तयार होतं ते आडवं धरलं तर शेजारच्याच्या बरगडीत जातं आणि उभं धरलं तर पुढचं काही दिसत नाही. कन्येचं फाइन आर्टचं शेवटचं वर्ष. ती कॅनव्हास घेऊन आदल्या दिवशीच मुंबईला मैत्रिणीकडे गेली. पोर्टफोलिओ घरी राहिला, कारण आतल्या चित्रांवर मारलेलं फिक्सेटिव्ह वाळायचं होतं. ते वाळल्यावर माल पोचवायला घरात एकच गडी, जो तसाही रोज बदलापूरहून फोर्टला खर्डेघाशी करायला जातो.

फोनवर सूचना आल्या. "बाबा, उभा धर. वाकवू नकोस. उन्हात धरू नकोस, हळदीचा पिवळा उडतो. मधले बटर पेपर सरकवू नकोस. आणि प्लीज, उघडून कुणाला दाखवू नकोस."

ही शेवटची सूचना मला लागली. मी कशाला कुणाला दाखवतोय? मला स्वतःलाच तिने तो पुरता दाखवला नव्हता. त्याचं कारण माझं तोंड. जानेवारीत तिने एक चित्र हॉलमध्ये भिंतीला टेकवून ठेवलं होतं. त्यात शाई, जलरंग, लग्नपत्रिकांचे तुकडे आणि मच्छरदाणीची जाळी असं काय काय होतं. मी चहा पिता पिता म्हणालो, "ही गोधडी बरी झालीये." त्यानंतर दोन दिवस तिने माझ्याशी फक्त मीठ मागण्यापुरतं बोलणं ठेवलं आणि चित्रं बेडरूमच्या दाराआड गेली.

लगेजच्या डब्यात जायला हवं होतं, हे आता मला सगळेच सांगतायत. सव्वीस वर्षं मी एकाच डब्याच्या एकाच दाराने चढतोय, पाय तिकडेच गेले. चौथी सीट मिळाली. म्हणजे अर्धा मी सीटवर, अर्धा हवेत आणि गुडघ्यांमध्ये पोर्टफोलिओ.

समोर पत्त्यांचा ग्रुप. मांड्यांवर ठेवायचा त्यांचा पुठ्ठा ज्याच्याकडे असतो तो गृहस्थ नेमका रजेवर. त्यामुळे पत्ते हातात, पण टाकायचे कुठे, अशी चौघांची अवस्था. त्यातले विंडोवाले, मार्च महिन्यात मफलर गुंडाळून बसलेले, माझ्या आधी नक्की रिटायर होणारे, मला म्हणाले,

"काका, तो बोर्ड जरा आडवा करा."

काका! पण ते सोडा.

"बोर्ड नाहीये. पोर्टफोलिओ आहे."

"शेअरचा?" दुसऱ्याने विचारलं. "एवढा मोठा? ब्रोकर कोण तुमचा?"

"मुलीची चित्रं आहेत आत."

"आत आहेत ना?" मफलर म्हणाले. "आम्ही वरून खेळणार."

या युक्तिवादाला उत्तर नव्हतं. मी म्हटलं, आत चारकोल आहे, दाब पडला तर पुसतो. चार महिन्यांपूर्वी मला चारकोल म्हणजे तंदुरीचा कोळसा एवढंच माहीत होतं. आता मी डब्याला समजावत होतो, की तो कागदाच्या खरखरीत अंगावर नुसता बसलेला असतो, त्याला फिक्सेटिव्हचा फवारा मारून धरून ठेवावं लागतं आणि मारला तरी तो बोटाला थोडा येतोच.

हे ज्ञान फुकट आलेलं नाही. फिक्सेटिव्हचा कॅन इतका महाग, की ही मुलं बऱ्याचदा त्याऐवजी हेअरस्प्रे मारतात. नोव्हेंबरमध्ये एकदा रात्री नऊ वाजता तो आणायला मला पाठवलं होतं. दुकानदाराने आधी माझ्या डोक्याकडे पाहिलं. माझं डोकं २००९ पासून मोकळं आहे. मग त्याने "स्ट्राँग होल्ड देऊ की मीडियम?" असं विचारलं, आणि त्याचा पोऱ्या बिस्किटांच्या मागे जाऊन हसला. मी त्या दुकानातून अजून साबणही घेत नाही.

तर मफलर म्हणाले, "दाखवा."

मी दाखवायला नको होतं. पण अख्खा डबा "दाखवा ना" अशा तोंडाने बघत असताना नाही म्हटलं, तर आत काहीतरी भलतंच आहे असं वाटतं. आणि खरं सांगायचं तर मलाही बघायचं होतं.

पहिल्या दोन कागदांवर आमच्या बाथरूममधली बादली. "बादली छान," मफलरांनी निकाल दिला. "बादलीसारखी आहे." लगेच सगळ्यांच्या इंटरमिजिएटच्या ग्रेडी निघाल्या. महाराष्ट्रात प्रत्येक माणूस एलिमेंटरी किंवा इंटरमिजिएटला बसलेला असतो आणि त्याच्यावर तिथे अन्याय झालेला असतो. मफलरांना बी ग्रेड. स्मरणचित्रात त्यांनी नळावर भांडणाऱ्या बायका काढल्या होत्या. "सात बायका. प्रत्येकीचा पदर वेगळ्या रंगाचा. तरी बी!" चाळीसेक वर्षांपूर्वीची ती ग्रेड त्यांना अजून पचली नव्हती.

तिसऱ्या कागदावर गाडी अडली. त्यावर चुन्याचा थर होता, त्यात बसच्या तिकिटांचे तुकडे आणि वरून शाईचे ओघळ.

"हे चिकटवलंय का?"

"मिक्स मीडिया म्हणतात त्याला," मी म्हणालो, आणि कन्येचं वाक्य तोंडपाठ म्हणून दाखवलं. पिकासोने १९१२ साली वेताच्या खुर्चीची जाळी छापलेलं ऑइलक्लॉथ चित्रावर चिकटवलं आणि कडेने फ्रेमऐवजी दोर लावला.

"दोर?"

"दोर."

"खाट विणायला घेतली असेल, अर्धीच राहिली." मग मफलर गंभीर झाले. "अहो, आमच्या लहानपणी मुळगावकरांचं कॅलेंडर घरात आलं की आई आधी त्याला हळदकुंकू लावायची. दिवाळी अंकावर दीनानाथ दलालांनी काढलेली बाई असायची. बघितलं की हात जोडावेत नाहीतर बघत तरी बसावं. हे बघून काय जोडायचं?"

"जोडायचं नाही, चिकटवायचं," दुसरा म्हणाला, आणि चौघंही खूष.

"खरं सांगू का," मफलर म्हणाले, "ही गोधडी झाली."

आता बघा, हे माझंच वाक्य. माझ्याच चहासकट. पण दुसऱ्याच्या तोंडून ऐकल्यावर मला असा संताप आला, की उल्हासनगर गेलेलं कळलं नाही. मी म्हणालो, "यामागे विचार असतो." कसला ते मला विचारू नका. त्यांनीही विचारलं नाही, एवढी एक कृपा केली.

आणि मी तावातावाने पुढचा बटर पेपर उलटला.

पूर्ण कागदभर एक माणूस. चेहरा चारकोलचा, काळाकुट्ट. डोळ्यांच्या जागी नुसता चष्मा, आत काही नाही. डोक्याभोवती हळदीचा पिवळा डाग पसरलेला. आणि अंगात शर्ट. काढलेला नव्हे, खरा. निळ्या बारीक रेघांच्या कापडाचा, कॉलर आणि दोन बटणांसकट, कागदावर डकवलेला. हा शर्ट गणपतीपासून बेपत्ता होता. त्यावरून मी इस्त्रीवाल्याशी भांडलो होतो. बारा वर्षांचा इस्त्रीवाला मी त्या शर्टापायी बदलला होता.

डबा गप्प झाला. मफलरांनी पत्ते उलटे करून मांडीवर ठेवले आणि हलक्या आवाजात विचारलं,

"कधी गेले?"

"कोण?"

"वडील ना तुमचे? नाक तेच आहे."

"नाही हो, तो…" मी अडखळलो, कारण मलाही ते त्याच क्षणी कळत होतं. "तो मी आहे."

त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला. "होतं असं. माझे गेले तेव्हा वर्षभर आरशात मला तेच दिसायचे."

"अहो, मी आहे. मी. हा शर्ट माझा आहे."

"वडिलांचे कपडे वापरावेत. चांगलं असतं."

एव्हाना तिसऱ्याला शर्टाच्या खिशाच्या जागी काहीतरी दिसलं. लाईटबिल. त्यावर पातळ पांढरा रंग फिरवला होता, पण मजकूर लख्ख दिसत होता. त्याने माझं संपूर्ण नाव, आडनावासकट, कल्याणच्या दिशेने मोठ्याने वाचलं.

"म्हणजे मीटर अजून त्यांच्याच नावावर?" मफलर चपापले. "बदलून घ्या आधी. अर्ज करा, मृत्यूचा दाखला जोडा, बाकीच्या वारसांची ना हरकत घ्या. आमच्या भावाने आळस केला, अजून निस्तरतोय."

"ते माझं नाव आहे!"

"वडिलांचंच ठेवलं का तुम्हाला?"

मी गप्प बसलो. मेलेल्या माणसाने किती वेळ वाद घालायचा?

पुढे कल्याण ते डोंबिवली चित्राकडे कुणी बघितलं नाही, सगळे बिलाकडे बघत होते. ४१२ युनिट? एका महिन्याचे? एसी आहे का? नाही? मग गिझर. थर्मोस्टॅट गेलाय. नाहीतर खालच्या मजल्यावाल्याने वायर टाकलीये. लटकणाऱ्यांमधून एक जण म्हणाला, "फेब्रुवारीचं आहे, फेब्रुवारीत गिझर लागतोच." दुसरा म्हणाला, "बदलापूरला लागतो, डोंबिवलीत नाही लागत," आणि त्यावरून त्यांचं स्वतंत्र भांडण सुरू झालं. मफलर चष्मा कपाळावर सरकवून कागदावर इतके वाकले होते, की एखाद्या कलासमीक्षकानेही वाकू नये.

"भरल्याचा शिक्का कुठाय?"

"भरलंय," मी म्हणालो.

"शिक्का नाहीये."

"भरलंय हो."

दाराजवळच्या एका पोराला माझी दया आली असावी. त्याने कानातून इअरफोन काढला. "अंकल, हसू नका. गायतोंडेंचं एक चित्र २०१५ मध्ये मुंबईत लिलावात २९ कोटींच्या वर गेलंय. त्यात ना बादली आहे ना माणूस, नुसता रंग."

२९ कोटी म्हटल्यावर डबा सावरून बसला. मीही मनात भागाकार सुरू केला. अठरा कागद आहेत, एकेकाला निदान…

"कोण गायतोंडे? असतात कुठे?" मफलरांनी विचारलं.

"२००१ मध्ये गेले."

"बघा." मफलरांनी माझ्याकडे पाहिलं, मग चित्राकडे, मग परत माझ्याकडे. "आधी जावं लागतं."

ठाण्याला मी हरलो. चेन लावली आणि पोर्टफोलिओ आडवा केला. फिक्सेटिव्ह मारलंय, बटर पेपर आहे, वर जाड पुठ्ठा आहे, काही होत नाही, अशी मनाची समजूत घातली. रमी सुरू झाली. मधल्या गडबडीत शर्टवाला कागद सगळ्यात वर आला होता, त्यामुळे थेट माझ्या छातीवर पानं पडत होती. कुणीतरी चिवड्याची पुडी फोडली. मलाही दिली. मी खाल्ली.

उतरताना लक्षात आलं, की एकाही माणसाने मुलीचं नाव विचारलं नाही. माझं मात्र अर्ध्या डब्याला पाठ झालंय, ग्राहक क्रमांकासकट. सात महिने ती पोर रात्री दोन-दोनपर्यंत जागत होती. नखांत काळं, भाकरीला काळं, दाराच्या कडीला काळं. आम्ही कडी पुसायला सांगायचो. चित्र बघितलं कुणी? कॉलेजातही तिच्यासारख्यांचे पोर्टफोलिओ व्हरांड्यात भिंतीला ओळीने टेकवलेले होते, पंख्याच्या दुकानातल्या खोक्यांसारखे, आणि एक शिपाई पायाने सरकवून आणखी जागा करत होता. त्यातलं प्रत्येक चित्र कुणी नीट बघायचं म्हटलं तर किती दिवस लागतील, याचा हिशोब मी केला. हिशोब माझा धंदाच आहे. पण परीक्षक म्हणे दुपारच्या जेवणाआधी उरकतात.

कन्या धावत आली. हातभर रंग. चेन उघडून वरचा कागद पाहिला. चष्म्याच्या एका काचेखाली काळं फिसकटलं होतं, गालावर ओघळ आल्यासारखं.

"उघडला होतास?"

"छे."

तिने खिशातून कापूस काढला, पुसायला वाकली, मग काय वाटलं कोण जाणे, तसंच राहू दिलं. कोपऱ्यातून चिवड्याचा एक शेंगदाणा मात्र उचलला आणि माझ्या हातावर ठेवला. काही बोलली नाही.

"तो मी आहे का?" मी विचारलं.

"तो तू नाहीस बाबा. तो शर्ट आहे."

"मग नाक?"

"नाक घरात एवढंच होतं समोर," ती म्हणाली आणि पोर्टफोलिओ घेऊन आत गेली.

तुम्हाला वाटेल, परीक्षकाने नेमका तो फिसकटलेला गाल वाखाणला. तसं काही झालं नाही. त्याने शर्टाला बोट लावून "कॉटन का?" असं विचारलं आणि पुढे गेला. मार्क अजून लागायचेत.

संध्याकाळी घरी आल्यावर मी फ्रिजकडे गेलो. मी लाईटबिल फ्रिजवर लोहचुंबकाखाली लावतो, दिसलं की भरतो, अशी माझी वर्षानुवर्षांची पद्धत. लोहचुंबक होतं. फोनवर बघितलं. फेब्रुवारीचं बिल थकीत, वर व्याज. म्हणजे मफलर बरोबर होते. मी ते ताबडतोब भरलं. पावती छापून ठेवणार होतो, पण पुढच्या महिन्यात तिचं डिप्लोमाचं आणखी एक काम आहे असं कळलं. घरात कागद उघड्यावर ठेवायची आता सोय नाही. उरलेले चार शर्ट मी ऑफिसच्या कपाटात नेऊन ठेवलेत.