नळाला गटाराचं पाणी येणार? नाही हो

आपल्या नांदेडच्या ग्रुपवर परवापासून फिरतंय की नवीन एसटीपी, म्हणजे सांडपाणी साफ करायचा प्लांट, झाला की गटाराचंच पाणी साफ करून नळाला सोडणार. काहीही! आपलं प्यायचं पाणी विष्णुपुरी धरणाचं, म्हणजे शहराच्या वरच्या अंगाचं, आणि एसटीपीचं पाणी प्यायच्या लाईनला जोडत नसतात, ते नदीत नाहीतर शेतीला, कारखान्याला जातं.

मग जुनं असताना नवं कशाला? मापं कडक झालीत म्हणून. बीओडी म्हणजे पाण्यातली घाण कुजवताना जिवाणू किती ऑक्सिजन खातात ते, 2017 च्या केंद्राच्या नियमात महानगरं अन् बहुतेक राज्यांच्या राजधान्या सोडून बाकी शहरांना लिटरला 30 मिलिग्रॅमपर्यंत चालत होता, 2019 ला हरित लवादानं तो 10 वर आणायला सांगितला. जुन्या टाक्यांना ते झेपणं अवघडच.

मी एसबीआर पद्धतीचा एक एसटीपी बघितलाय, त्यात सगळं काम एकाच टाकीत पाळीपाळीनं होतं, तिथं आधी हवा मारतात, तपकिरी फेस नुसता उकळल्यासारखा, मग हवा बंद केली की थोड्या वेळात गाळ दह्यावानी खाली बसतो अन् वरचं निवळ पाणी काढून घेतात, वास म्हणाल तर ओल्या मातीचा. तरी ते पाणी प्यायचं नाहीच. आता टेंडरमध्ये कोण किती खातंय ते विचारा की, त्याला कोण नाही म्हणतंय.