म्हातारीची सुकडी

आज शाळेतल्या कथाकथन स्पर्धेतून माझी चौथीतली नात रडत घरी आली. तिने म्हातारी आणि भोपळ्याची गोष्ट सांगितली. ती चुकली, असे परीक्षकांनी तिला सर्वांसमोर ऐकवले, कारण मूळ गोष्टीत म्हातारी लेकीकडे तूपरोटी खाते, सुकडी नव्हे.

ती सुकडी माझ्या आजीची आहे. १९७२ च्या दुष्काळात शिंदखेड्याकडच्या आमच्या गावातल्या बायका दुष्काळी कामावर खडी फोडायला जात. तेथे मिळणारी सुकडी, म्हणजे मजुरांना वाटला जाणारा कोरडा खाऊ, आजी पदराला बांधून आणत असे आणि रात्री ओट्यावर आम्हा नातवंडांना वाटता वाटता हीच गोष्ट सांगत असे. त्या वर्षी तिची म्हातारी वाघाला म्हणू लागली, "आंडेरकडे जासू, सुकडी खासू, जाडी व्हसू, मंग माले खाय." आंडेर म्हणजे आमच्या अहिराणीत लेक. घरात तुपाचा थेंब नसताना उपाशी पोरांपुढे तूपरोटीचे नाव काढणे तिच्या जिवावर आले असणार. पुढे पाऊस आला, ज्वारी आली, तरी आमच्या घरच्या गोष्टीतली सुकडी गेली नाही.

मूळ गोष्ट म्हणजे नेमकी कोणती, हे मला त्या परीक्षकांना विचारायचे आहे. हीच म्हातारी बंगालमध्ये दुधी भोपळ्यात बसते आणि शेवटी तिचे पाळलेले कुत्रे तिला कोल्ह्यापासून वाचवतात; इराणमध्येही ती लेकीच्या घरून भोपळ्यातूनच गडगडत निघते. यांतली कोणती म्हातारी चुकली? ग्रिम बंधूंनी १८१२ साली छापलेल्या हान्सेल आणि ग्रेटेलच्या गोष्टीत मुलांना रानात सोडायला लावणारी त्यांची सख्खी आई होती, ती १८४० च्या आवृत्तीत सावत्र झाली. तीही गोष्ट भुकेचीच आहे. सख्ख्या आईची सावत्र आई करणाऱ्या विद्वानांना जगाने डोक्यावर घेतले आणि तूपरोटीच्या जागी सुकडी आणणारी, दिवसभर खडी फोडून आलेली अहिराणी बाई मात्र चुकीची ठरली, याचा मला संताप येतो.

स्पर्धेला काही चौकट लागते, एवढे मी मान्य करतो. पण खान्देशातल्या शाळेत 'आंडेर' हा शब्द ऐकून हसू फुटावे, हे मला सहन होत नाही. नातीने रडत रडत आधी तेच सांगितले, गुणांचे नंतर.

हे लिहिता लिहिता राग थोडा उतरला आहे. परीक्षक तरुण होते. सुकडी त्यांनी कधी पाहिलीही नसेल आणि त्यांना गोष्ट पुस्तकातूनच मिळाली असेल. त्यांना ती ओट्यावर ऐकायला मिळाली नाही, याचे आता वाईटच वाटते.

रात्री नातीने विचारले, "आबा, सुकडी म्हणजे काय?" मी खडीचे, उन्हाचे आणि पदराच्या गाठीचे सारे सांगितले. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "तुम्हाला सगळी वाटून दिल्यावर तुमची आजी काय खायची?"

आजी आमच्याबरोबर खाताना मला आठवत नाही. इतक्या वर्षांत हा प्रश्न माझ्या मनात आलाच नव्हता.