ताप उतरला म्हणजे डेंग्यू टळला? फिरत्या मेसेजमधल्या दाव्यांना उत्तर

डेंग्यूची साथ सुरू झाली की एक मेसेज हमखास फिरतो. त्याचा मजकूर साधारण असा: "डेंग्यूचा डास गुडघ्याच्या वर उडत नाही, पायांना तेल लावा. प्लेटलेट एक लाखाच्या खाली गेल्या की लगेच चढवून घ्या. पपईच्या पानांचा रस प्या, काही तासांत प्लेटलेट वाढतात. ताप उतरला की धोका टळला." चारही दावे चुकीचे आहेत, पण सारखे घातक नाहीत. सर्वांत घातक दावा शेवटचा आहे, म्हणून आधी तोच घेऊ.

"ताप उतरला की धोका टळला."

डेंग्यूचा ताप साधारण २ ते ७ दिवस राहतो. धोक्याचा टप्पा सुरू होतो तो ताप उतरताना, बहुतेकदा आजाराच्या तिसऱ्या ते सातव्या दिवसात. काही रुग्णांत या वेळी सूक्ष्म रक्तवाहिन्या झिरपू लागतात आणि रक्तातला पातळ भाग, म्हणजे प्लाझ्मा, पोटाच्या आणि छातीच्या पोकळीत उतरतो. रक्त घट्ट होतं, नाडी जलद आणि क्षीण होते, शेवटी रक्तदाब कोसळतो. हा पाझर २४ ते ४८ तास चालतो. थर्मामीटर नॉर्मल दाखवतो म्हणून घरचे निर्धास्त होतात, ते नेमके याच तासांत.

म्हणून ताप गेल्यावरही दोन दिवस हे बघायचं: पोटात जोराचं, न थांबणारं दुखणं; २४ तासांत तीन किंवा जास्त उलट्या; हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त; रक्ताची उलटी किंवा काळी शी; हातपाय गार पडणं; ग्लानी किंवा एकाएकी वाढलेली बेचैनी, लहान मुलांत चिडचिड; सहा तास लघवी न होणं. यातलं एक जरी दिसलं तरी रिपोर्टची वाट न बघता रुग्णालयात न्यायचं.

"प्लेटलेट एक लाखाच्या खाली गेल्या की चढवून घ्या."

प्लेटलेट, म्हणजे रक्त गोठायला मदत करणाऱ्या बारीक पेशी, रक्ताच्या एका मायक्रोलिटरमध्ये साधारणपणे दीड ते साडेचार लाख असतात आणि डेंग्यूत त्या उतरतातच. एक लाखाच्या खाली आकडा गेला तर रुग्णावर बारीक लक्ष हवं. तेवढ्यावरून प्लेटलेट चढवायच्या नसतात. डेंग्यूतले बहुतेक मृत्यू वर सांगितलेल्या पाझरामुळे, त्यातून येणाऱ्या शॉकमुळे, म्हणजे अवयवांना पुरेसं रक्त न पोहोचल्यामुळे, होतात. प्लेटलेटची पिशवी तो पाझर थांबवत नाही. बाहेरून दिलेल्या प्लेटलेटही या आजारात फार टिकत नाहीत, वर ॲलर्जीचा आणि शरीरात जादा द्रव साठण्याचा धोका.

२०१७ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात सिंगापूर आणि मलेशियातली एक चाचणी प्रसिद्ध झाली. प्लेटलेट २०,००० किंवा त्याहून कमी, पण मोठा रक्तस्राव नाही, असे ३७२ प्रौढ रुग्ण त्यात होते. प्लेटलेट दिलेल्या गटात २१ टक्के रुग्णांना रक्तस्राव झाला, न दिलेल्या गटात २६ टक्क्यांना. हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर टिकला नाही. दुष्परिणाम मात्र प्लेटलेट मिळालेल्यांत जास्त दिसले. मोठा रक्तस्राव होत असेल तेव्हा प्लेटलेट द्याव्या लागतात, आणि आकडा अगदी तळाला गेला तर डॉक्टर रुग्ण पाहून ठरवतात. एक लाख ही ती रेषा नव्हे.

मग रिपोर्टमध्ये काय बघायचं? त्याच कागदावर हिमॅटोक्रिट किंवा पीसीव्ही, म्हणजे रक्तातल्या तांबड्या पेशींचं टक्क्यांतलं प्रमाण, असतं. ते मूळच्या ४० वरून ४८ झालं, म्हणजे पाचव्या हिश्शाने वाढलं, तर प्लाझ्मा झिरपतो आहे असं समजायचं. रक्तदाबाचे वरचा आणि खालचा असे दोन आकडे जवळ येऊन अंतर २० किंवा कमी झालं, उदाहरणार्थ १००/८०, तर शॉक सुरू झाला आहे. वरचा आकडा 'चांगला' दिसतो म्हणून फसू नये. शिवाय नळीत प्लेटलेटच्या गुठळ्या झाल्या तर मशीन आकडा खोटाच कमी दाखवतं. अनपेक्षित आकडा आला तर लॅबला स्मिअर, म्हणजे काचेवर पसरलेलं रक्त, सूक्ष्मदर्शकाखाली तपासायला सांगावं, आणि रोजची तपासणी शक्यतो एकाच लॅबमध्ये करावी.

"पपईच्या पानांच्या रसाने प्लेटलेट वाढतात."

धोक्याचा टप्पा ओलांडला की प्लेटलेट आपोआप वाढू लागतात. लोक रस सुरू करतात तो आकडा घसरल्यावर, म्हणजे पाचव्या-सहाव्या दिवशी. दोन दिवसांनी आकडा चढतो आणि श्रेय रसाला जातं. काही लहान चाचण्यांत प्लेटलेट थोड्या लवकर वाढल्याचं दिसलं आहे, हे मान्य. पण रसामुळे शॉक किंवा मृत्यू कमी होतात याचा भक्कम पुरावा नाही. कडू रसाने उलट्या झाल्या तर नुकसान दुहेरी: पोटात गेलेलं पाणी बाहेर येतं, आणि उलटी रसामुळे की आजार बळावल्यामुळे, हे कळेनासं होतं. त्याऐवजी ओआरएस थोडं थोडं, सतत द्या. सहा तासांत निदान एकदा लघवी होते आहे ना, हा घरच्या घरी करायचा सोपा हिशेब.

तापाच्या गोळीबद्दल हा मेसेज अवाक्षर काढत नाही, आणि घरात खरी चूक तिथेच होते. फक्त पॅरासिटामॉल द्या: मुलांना दर किलो वजनामागे १० मिलिग्रॅम, दोन डोसांत किमान सहा तास, प्रौढांना दिवसाला ३ ग्रॅमच्या वर नाही. ॲस्पिरिन, आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक टाळा; त्यांनी रक्तस्राव वाढू शकतो.

"डास गुडघ्याच्या वर उडत नाही."

डेंग्यू पसरवणारा एडिस इजिप्ती डास घोट्याजवळ जास्त चावतो, बहुधा त्यावरूनच हे निघालं असावं. पण तो उंच इमारतींच्या वरच्या मजल्यांवरही सापडतो आणि उघड्या हातांनाही चावतो. तेलाऐवजी अंगभर कपडे आणि २० ते ३० टक्के डीईईटी (डास दूर ठेवणारं रसायन) असलेलं रिपेलंट वापरा. हा डास दिवसा चावतो, म्हणून तापाचा रुग्ण दुपारी झोपला तरी मच्छरदाणीत हवा, नाहीतर त्याला चावलेला डास पुढे विषाणू पसरवतो. अंडी पाण्याच्या रेषेच्या किंचित वर चिकटतात आणि कोरडी पडली तरी कित्येक महिने टिकतात, त्यामुळे भांडं नुसतं ओतून भागत नाही. आठवड्यातून एकदा कडा घासायच्या.

हा मेसेज आला तर उत्तरात तो पुन्हा चिकटवू नका. घाईत वाचणाऱ्याच्या लक्षात चुकीचंच वाक्य राहतं. "ताप उतरल्यावरचे दोन दिवस सर्वांत जपायचे" या वाक्याने सुरुवात करा, खाली धोक्याची लक्षणं लिहा आणि जवळच्या रुग्णालयाचा नंबर द्या.